टिम्पॅनोमेट्री ‘नॉर्मल’ आणि तरी ऐकू कमी: दोन रिपोर्टांपैकी कोणता धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या आईंचं वय ४६. उजव्या कानाने दोन-तीन वर्षांपासून हळूहळू कमी ऐकू येतंय. कान दुखत नाही, वाहत नाही, डावा कान ठीक आहे. पहिल्या ठिकाणी फक्त टिम्पॅनोमेट्री झाली. ‘ए टाईप, मध्यकर्ण नॉर्मल’ असा शेरा आला आणि त्यावरून ‘म्हणजे नस कमजोर’ असं सांगून श्रवणयंत्र सुचवलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी ऑडिओमेट्री, म्हणजे सूर ऐकवून ऐकण्याची पातळी मोजणारी चाचणी, झाली. तिथे उजव्या कानात ‘कंडक्टिव्ह लॉस’ निघाला, म्हणजे दोष नसेत नाही, आवाज बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडतोय. रिफ्लेक्सच्या, म्हणजे मोठ्या आवाजाने कानातला छोटा स्नायू आकसतो का ते पाहणाऱ्या चाचणीच्या, चार रकान्यांपैकी तीनमध्ये ‘अनुपस्थित’. आता खरं कोणाचं मानायचं?

दोन्ही ठिकाणचे आकडे बरोबर असू शकतात. चुकलाय तो पहिल्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष. टिम्पॅनोमेट्री ही ऐकण्याची चाचणी नव्हेच. पडदा आणि त्यामागची हवा किती सहज हलते एवढंच ती सांगते. पूर्ण बहिऱ्या माणसाचा टिम्पॅनोग्राम, म्हणजे या चाचणीचा आलेख, सुरेख येऊ शकतो आणि आलेख सपाट असलेलं मूल वर्गातलं बरंचसं ऐकत असू शकतं. ‘पडदा नीट हलतो, म्हणजे मध्यकर्ण निर्दोष, म्हणजे नस खराब’ या साखळीतला दुसरा दुवाच कच्चा आहे.

टिम्पॅनोमेट्रीत नेमकं काय मोजलं जातं

रबरी टोपी लावलेला प्रोब कानाच्या नळीच्या तोंडाशी हवाबंद बसवतात. प्रोबमधल्या एका छिद्रातून २२६ हर्ट्झचा सूर सोडला जातो, दुसऱ्यामागे मायक्रोफोन असतो आणि तिसऱ्यातून पंप हवेचा दाब बदलतो. २२६ हाच आकडा का? समुद्रसपाटीवर १ मिली हवेची अ‍ॅडमिटन्स, म्हणजे आवाजाने हलण्याची सहजता, या वारंवारतेला १ मिलीम्हो (तिचं एकक) भरते, त्यामुळे उत्तर थेट मिलीलिटरमध्ये वाचता येतं.

सुरुवात +२०० डेकापास्कलला होते. इतक्या दाबाखाली पडदा ताणून ताठ होतो आणि सूर त्याच्या पलीकडे फारसा जात नाही. त्यामुळे त्या क्षणी मोजली जाते ती फक्त नळीतली हवा. मग दाब उतरवत −२०० किंवा −४०० पर्यंत नेतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब जिथे सारखा होतो, तिथे पडदा सर्वांत मोकळा हलतो आणि आलेखाचं शिखर तिथेच येतं. रिपोर्टमधले तीन आकडे यातूनच निघतात. नळीचं आकारमान मोठ्यांत साधारण ०.६ ते १.५ मिली, लहान मुलांत ०.४ ते १.० मिली असतं. शिखराची उंची, म्हणजे कम्प्लायन्स, मोठ्यांत ०.३ ते १.६ मिली. शिखराचा दाब +५० ते −१०० डेकापास्कलच्या दरम्यान. तुमच्या आईंचे आकडे १.१ मिली, ०.४ मिली आणि −१० आहेत. तिन्ही मर्यादेत, म्हणून ‘ए’.

ए, बी, सी ही विभागणी जेम्स जर्गर यांनी १९७० मध्ये रूढ केली आणि ती इतकी सोयीची आहे की बरेच जण अक्षर वाचतात, आकडे वाचतच नाहीत. खरी माहिती आकड्यांत असते.

‘बी’चंच घ्या. ‘बी’ म्हणजे सपाट आलेख, शिखर नाही. पण नुसतं ‘बी’ अर्धवट आहे, शेजारचं आकारमान पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आकारमान नेहमीइतकं आणि आलेख सपाट असेल तर पडद्यामागे द्रव असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आकारमान फारच मोठं, म्हणजे मोठ्या माणसात २.५ मिलीच्या वर किंवा मुलात २ मिलीच्या वर गेलं, तर यंत्र नळीबरोबर मध्यकर्णाचीही हवा मोजतंय. पडद्याला भोक आहे किंवा आधी पडद्यात बसवलेला ग्रोमेट (बारीक नळी) उघडा आहे. उलट आकारमान ०.२-०.३ मिली इतकंच आलं तर बहुधा प्रोबचं तोंड नळीच्या भिंतीला टेकलंय, नाहीतर मळाने नळी बंद आहे. अशा वेळी प्रोब काढून कानात पाहायचं आणि दिशा बदलून पुन्हा लावायचा. छापून आलेला हा तिसऱ्या प्रकारचा ‘बी’ म्हणजे रिपोर्ट नव्हे, न झालेली चाचणी आहे. तरीही ‘कानात पाणी’ म्हणून मुलांना महिनोन्‌महिने औषधं चालू राहतात, हे वाईट आहे.

‘सी’मध्ये शिखर असतं, पण ऋण दाबाकडे सरकलेलं. मध्यकर्णाला नाकामागच्या जागेशी जोडणारी युस्टेशियन ट्यूब नीट उघडत नाही, आतली हवा शोषली जाते आणि पडदा आत ओढला जातो. सर्दीत दडे बसतात ते यामुळेच. एकदा ‘सी’ आला म्हणून घाबरण्यासारखं काही नसतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं की बहुतेकदा चित्र बदललेलं असतं.

आता आईंच्या मुद्द्याकडे. हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांपैकी रिकीब सर्वांत आत, अंडाकृती खिडकीत बसलेली असते. ऑटोस्क्लेरोसिसमध्ये तिच्या पायापाशी नवं हाड वाढतं आणि ती जखडते. पण पडदा, हातोडा आणि त्यांच्यामधले सांधे मोकळेच असतात. साखळीचं पलीकडचं टोक भिंतीत पक्कं असलं तरी हातातली कडी हलते, तसंच. म्हणून ऑटोस्क्लेरोसिसच्या बऱ्याच कानांत टिम्पॅनोग्राम साधा ‘ए’ येतो, काहींत शिखर बुटकं, म्हणजे ‘एएस’ येतो. ०.४ मिली हा मर्यादेच्या खालच्या काठाजवळचा आकडा आहे, पण एवढ्यावरून काहीच ठरत नाही. निरोगी कानांतही ०.४ सर्रास दिसतो.

याची उलट बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी फाटून भरून आलेल्या पडद्यावर पातळ ठिगळ राहतं. ते इतकं लवचिक असतं की शिखर आभाळाला भिडतं, ‘एडी’ येतो. हाच ‘एडी’ हाडांची साखळी तुटल्यावरही येतो. पहिल्यात ऐकणं जवळजवळ ठीक असतं, दुसऱ्यात पडदा शाबूत असूनही ६० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. आलेख मात्र एकसारखाच. आणि पातळ पडद्याच्या माणसाची रिकीबही जखडलेली असली तरी यंत्र ‘एडी’च दाखवणार. सर्वांत बाहेरचा बदल आतल्या दोषाला झाकून टाकतो.

चार रकाने आणि त्यातला एक

आता रिफ्लेक्स. पहिल्या ठिकाणी ही चाचणी झालीच नाही. त्याच यंत्रावर, तोच प्रोब कानात असताना, दोन-तीन मिनिटांत ती होते. झाली असती तर ‘मध्यकर्ण नॉर्मल’ असं लिहिण्याआधी हात थबकला असता.

मोठा आवाज कोणत्याही एका कानात शिरला तरी दोन्ही बाजूंचे स्टेपिडिअस स्नायू आकसतात. हा स्नायू रिकिबीला जोडलेला असतो आणि त्याला सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची शाखा जाते. स्नायू आकसला की साखळी ताठ होते आणि पडद्याची हालचाल किंचित घटते. ती घट प्रोब टिपतो. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला साधारण ७० ते १०० डेसिबलच्या दरम्यान रिफ्लेक्स मिळतो. निदान ०.०२ मिलीची घट, पुन्हा दिल्यावर पुन्हा मिळणारी आणि आवाज वाढवल्यावर वाढणारी, असेल तरच ‘उपस्थित’ म्हणायचं. पेशंट आवंढा गिळतो, तेव्हाही काटा हलतो. यंत्र त्याला रिफ्लेक्स म्हणून मोकळं होतं, माणसाने तसं करू नये. आवाज १०५ डेसिबलच्या पुढे रेटत नेण्यातही शहाणपण नाही, विशेषतः कानात सतत गुंजारव असणाऱ्या पेशंटमध्ये.

चार रकाने होतात ते असे: आवाज उजवीकडे–प्रोब उजवीकडे, आवाज उजवीकडे–प्रोब डावीकडे, आवाज डावीकडे–प्रोब डावीकडे, आवाज डावीकडे–प्रोब उजवीकडे. रिफ्लेक्स मिळायला दोन गोष्टी लागतात. आवाज दिलेल्या कानात तो पुरेसा पोचला पाहिजे आणि प्रोब असलेल्या कानातली साखळी हलायला मोकळी पाहिजे.

उजवी रिकीब जखडलेली आहे असं धरून चला. प्रोब उजवीकडे असताना आवाज कुठूनही द्या, स्नायू आकसला तरी जखडलेल्या साखळीत फरक पडत नाही. दोन रकाने गेले. आवाज उजवीकडे आणि प्रोब डावीकडे ठेवला तर आवाज आत जाण्याआधीच ४० डेसिबल गळतात. ८५ ला मिळणारा रिफ्लेक्स १२५ ला मिळाला असता, तितकं यंत्र देत नाही. तिसराही गेला. उरतो फक्त डावा-डावा. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच आहे.

आता समजा पहिल्या ठिकाणचं म्हणणं खरं आहे आणि उजवी ‘नस’ पार गेलेली आहे. मग उजवीकडे दिलेला आवाज पोचणार नाही, म्हणून ते दोन रकाने रिकामे. पण आवाज डावीकडे देऊन प्रोब उजवीकडे ठेवला तर? डावा कान ऐकतो, उजवी साखळी मोकळी आहे, उजवा स्नायू शाबूत आहे. रिफ्लेक्स मिळायला हवा. तुमच्याकडे तो नाही. दोन निदानांमध्ये फरक करणारा रकाना हा एवढा एकच. रिपोर्टमध्ये ‘रिफ्लेक्स अनुपस्थित’ असं एका ओळीत लिहून मोकळं होण्याची पद्धत म्हणूनच निरुपयोगी आहे. कुठे आवाज, कुठे प्रोब, हे लिहिलंच पाहिजे.

उजव्या चेहऱ्याच्या नसेत बिघाड असला तरी प्रोब उजवीकडचे दोन्ही रकाने जातात. पण मग आवाज उजवीकडे–प्रोब डावीकडे हा रकाना भरलेला राहतो, शिवाय चेहऱ्याचा लुळेपणा बहुधा दिसतोच.

ऑडिओग्राम वाचताना आधी खुणा पाहा

दुसऱ्या ठिकाणचा ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, असा आहे. उजवा कान, हवेतून: ५०० हर्ट्झला ५०, १००० ला ४५, २००० आणि ४००० ला ४० डेसिबल. हाडातून: १०, १५, २५, १५. डावा कान सगळीकडे १०-१५.

हेडफोनमधून दिलेला सूर नळी, पडदा, हाडं, कॉक्लिया (आतल्या कानातला ऐकण्याचा अवयव), नस असा पूर्ण रस्ता चालतो. कानामागच्या हाडावर ठेवलेलं व्हायब्रेटर पडदा-हाडांना बरंचसं वगळून थेट कॉक्लियाला हलवतं. दोन्हींत १० डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल, तर तेवढा आवाज बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडतोय. इथे ५०० ला ४० चा फरक आहे. म्हणून कंडक्टिव्ह.

पण थांबा, हाडाच्या रेषेवरची खूण कोणती आहे? टोकदार कंस असेल तर ती मास्किंगशिवायची (दुसऱ्या कानाला गोंगाटाने न गुंतवता घेतलेली) आहे, चौकटी कंस असेल तर मास्किंगसह. हवेच्या रेषेवर उजव्यासाठी साधा गोल म्हणजे मास्किंग नाही, त्रिकोण म्हणजे मास्किंग केलंय. डाव्यासाठी तेच अनुक्रमे फुली आणि चौकोन. एवढा खटाटोप का, ते सांगतो, कारण एका कानाच्या तपासणीत सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो.

व्हायब्रेटर उजव्या कानामागे ठेवलं तरी अख्खी कवटी हलते, डाव्या कॉक्लियाला जवळजवळ तितकाच आवाज पोचतो. हेडफोनचा आवाजही साधारण ४० डेसिबलच्या पुढे कवटीतून पलीकडे झिरपतो. कानात घालायच्या इन्सर्ट फोनमध्ये ही मर्यादा ५५ च्या आसपास किंवा वर जाते. समजा उजवा कान ठार बहिरा आहे आणि मास्किंग न करता तपासलं. हवेतून ५०-६० ला ‘ऐकू आलं’ असं उत्तर मिळेल, हाडातून १०-१५ ला. दोन्ही उत्तरं डाव्या कानाची. कागदावर मात्र उजव्या कानात सुंदर कंडक्टिव्ह लॉस उमटेल. म्हणजे मेलेला कान आणि शस्त्रक्रियेने सुधारण्यासारखा कान, दोन्हींचा आलेख मास्किंगशिवाय जवळपास सारखा दिसू शकतो. त्या आलेखावर शस्त्रक्रिया ठरवणं किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

मास्किंग म्हणजे डाव्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवणं. गोंगाट डाव्या कानाच्या पातळीच्या १० डेसिबल वर सुरू करायचा. हाडाची तपासणी असेल आणि डावा कान हेडफोनने झाकला असेल तर खालच्या सुरांना आणखी १०-२० वाढवायचा, कारण झाकलेल्या कानात हाडातून आलेला खालचा आवाज मोठा वाटतो. मग ५-५ ने गोंगाट चढवत जायचा. उजव्याचं उत्तर त्याबरोबर वर सरकत राहिलं तर अजून डावाच ऐकतोय. गोंगाट १५-२० डेसिबल वाढूनही उत्तर जागचं हललं नाही, की ती पातळी उजव्याची. गोंगाट फार चढवला तर तोच कवटीतून उजवीकडे पोचून खऱ्या उत्तराला बुडवतो. इन्सर्ट फोन वापरला की हा त्रास बराच कमी होतो. दोन्ही कानांत मोठा कंडक्टिव्ह दोष असेल तर कधी कधी पुरेसं मास्किंग करताच येत नाही. मग रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहावं.

तुमच्या रिपोर्टच्या फोटोत हाडाच्या खुणा चौकटी दिसतात, हवेचे त्रिकोण आहेत. म्हणजे मास्किंग झालंय आणि रिफ्लेक्सचा नमुनाही त्याला दुजोरा देतो. दोन वेगळ्या तपासण्यांनी एकमेकींची साक्ष काढावी हे तत्त्व जर्गर आणि हेज यांनी १९७६ मध्ये लहान मुलांच्या संदर्भात मांडलं. मोठ्यांनाही ते तितकंच लागू आहे.

हाडाच्या रेषेत २००० ला २५ पर्यंतचा खळगा दिसतोय, तो पाहून कोणी ‘नसेवरही परिणाम सुरू झालाय’ म्हणालं तर घाईने मान्य करू नका. याला कारहार्ट नॉच म्हणतात. रिकीब जखडल्यामुळे हाडातून ऐकण्याच्या यांत्रिकीत होणारा हा बदल आहे, कॉक्लियाची इजा नव्हे. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर तो बऱ्याचदा भरून निघतो. तो प्रत्येकात दिसतोच असं नाही आणि दिसला म्हणजे ऑटोस्क्लेरोसिसच असंही नाही.

ऑडिओमेट्री चुकते ती बहुतेकदा साध्या गोष्टींनी. सूचना अर्धवट दिली की पेशंट ‘नीट’ ऐकू येईपर्यंत बटण दाबत नाही आणि सगळी रेषा १०-१५ ने खाली येते. ‘अगदी पुसटसं जाणवलं तरी दाबा’ हे वाक्य बोलायलाच हवं. सूर १-२ सेकंद द्यायचा, मधली विश्रांती एकसारखी ठेवायची नाही, नाहीतर पेशंट तालावर दाबतो. उत्तर आलं की १० ने कमी, नाही आलं की ५ ने वाढ. चढत्या फेऱ्यांत तीनपैकी दोनदा उत्तर आलेली सर्वांत कमी पातळी नोंदवायची. सुरुवात १००० ला, आणि शेवटी १००० पुन्हा. दोन्हींत ५ पेक्षा जास्त फरक पडला तर आधीच्या आकड्यांवर विसंबायचं नाही.

व्हायब्रेटर कानाच्या पाळीला टेकता कामा नये. त्याची पकड सुमारे ५.४ न्यूटन हवी. ढिली पट्टी म्हणजे हाडाची रेषा खोटी खाली. उलट मोठी घट असलेल्या माणसाला २५० आणि ५०० ला व्हायब्रेटरची थरथर त्वचेला जाणवते आणि तो तीच ‘ऐकू आली’ म्हणून सांगतो. मग जिथे नसेचा दोष आहे तिथे खोटा कंडक्टिव्ह भाग उमटतो. वयस्कर माणसांत कानावर बसणाऱ्या हेडफोनच्या दाबाने नळीचं तोंड मिटतं आणि वरच्या सुरांत असाच खोटा फरक येतो. हेडफोन किंचित उचलून धरला की उत्तर सुधारतं, यावरून ते ओळखता येतं. इन्सर्ट फोनने प्रश्नच मिटतो. खोलीतला पंखा किंवा एसी २५० आणि ५०० ला खातो.

श्रेणीबद्दल एक कंस. उदाहरणार्थ, ३७ डेसिबलच्या घटीला जुन्या श्रेणीत ‘सौम्य’ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रेणीत ‘मध्यम’ म्हणतात. दोन रिपोर्टांवर वेगळे शब्द दिसले म्हणजे कान बिघडला असं समजू नये, आकडे ताडून पाहावेत. आणि ४५ डेसिबल म्हणजे ४५ टक्के नव्हे.

इतर तपासण्या कुठे बसतात

५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अजूनही खिशात असावा असा आहे. टेबलावर आपटू नये, भलते सूर निघतात. कोपर किंवा गुडघ्यावर हलका मारावा. कपाळावर ठेवल्यावर आईंना आवाज उजवीकडे, म्हणजे कमी ऐकणाऱ्या कानात जास्त वाटला, तर कंडक्टिव्ह. डावीकडे वाटला तर नसेची शंका. ही वेबर चाचणी. रिनेमध्ये आधी कानामागे, मग नळीसमोर दोनेक सेंटिमीटरवर धरतात. साधारण २०-२५ डेसिबलपेक्षा जास्त फरक असला की हाडातला आवाज मोठा वाटतो. मेलेल्या कानातही रिने फसते, कारण कानामागचा आवाज दुसरा कान ऐकतो. म्हणून वेबर सोबत हवीच. मशीनच्या रिपोर्टशी फोर्क जुळत नसेल तर मशीनची तपासणी पुन्हा करायची, फोर्कला खोटं ठरवायचं नाही.

ओएई आणि बेराची (आवाजाला नस आणि मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीची) मागणी मोठ्या माणसांत उगाच केली जाते. ओएई, म्हणजे कॉक्लियाच्या बाहेरील केशपेशींचा प्रतिध्वनी, डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवला. तो आतून बाहेर याच मध्यकर्णातून येतो, त्यामुळे आईंच्या उजव्या कानात तो मिळणारच नाही आणि त्यातून नवं काही कळणार नाही. बाळांच्या तपासणीत ‘ओएई फेल’ आल्यावर आधी मध्यकर्ण पाहावा तो यासाठीच. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला टिम्पॅनोमेट्री करायची तर २२६ नव्हे, १००० हर्ट्झचा सूर हवा. त्या वयात नळीच्या भिंती मऊ असतात, आत द्रव असूनही २२६ ला शिखर येऊ शकतं. बेरा ही सहकार्य न करू शकणाऱ्यांची तपासणी आहे, किंवा नसेच्या मार्गाबद्दल शंका असेल तेव्हाची. कंडक्टिव्ह दोषात तिच्या सगळ्याच लहरी उशिरा येतात, पहिली ते पाचवी हे अंतर बदलत नाही. हे अंतर साधारण ४ मिलिसेकंद असतं.

पुढे काय

हे सगळं ऑटोस्क्लेरोसिसकडे झुकतं, पण एक तोतया वगळायला हवा. आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड झिजून उघडं पडलं, तर तिथूनही हवा-हाड फरक येतो, विशेषतः खालच्या सुरांत. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये हा आजार वर्णिला. त्यात टिम्पॅनोग्राम ‘ए’ असतो आणि रिफ्लेक्स शाबूत असतात. आईंचे नाहीत, त्यामुळे शक्यता कमी. तरी मोठ्या आवाजाने किंवा शिंकल्यावर चक्कर येते का, डोळ्यांची हालचाल डोक्यात ऐकू येते का, हे विचारून ठेवावं. ‘हो’ असेल तर शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनचा आग्रह धरावा. जन्मजात किंवा जुन्या संसर्गाने जखडलेला हातोडाही असंच चित्र देऊ शकतो. त्याचा निकाल बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लागतो.

नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट न्या आणि शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्या. आवाज मोठा दिल्यावर आईंना ९०-१०० टक्के शब्द बरोबर सांगता आले तर कॉक्लिया चांगला आहे. असा कान स्टेपिडॉटॉमीलाही (जखडलेल्या रिकिबीच्या शस्त्रक्रियेलाही) योग्य आणि श्रवणयंत्रालाही. म्हणून पहिल्या ठिकाणी सुचवलेलं यंत्र चुकीचं नव्हतं, त्यासाठी दिलेलं कारण चुकीचं होतं. कंडक्टिव्ह दोषात यंत्र छान चालतं, कारण आवाज फक्त मोठा करायचा असतो, विकृती नसते. शस्त्रक्रियेत थोड्या जणांचा तो कान कायमचा जातो, म्हणून निर्णय निवांत घ्यावा. इथे घाई करण्यासारखं काही नाही.

घाई कुठे करायची, तेही सांगतो. एका कानाचं ऐकणं तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत एकदम पडलं, टिम्पॅनोग्राम ‘ए’ आला आणि हाडाची रेषाही हवेच्या रेषेबरोबर खाली गेली, तर ते दडे नव्हेत. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठायचा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत होतो. हळूहळू वाढणारा, फक्त एका कानाचा नसेचा दोष असेल तर एमआरआय लागतो. आणि मोठ्या माणसात एकाच कानात आकारमान नेहमीइतकं असलेला ‘बी’ आठवड्यानुआठवडे टिकला, तर नाकामागची जागा दुर्बिणीने पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर थांबू नये. तिथली गाठ युस्टेशियन ट्यूबचं तोंड दाबून असंच चित्र उभं करते.

पुन्हा तपासणी करायची झाली तर आदल्या रात्रीपासून मोठ्या आवाजापासून लांब राहावं, आधी दुर्बिणीने कान पाहून मळ काढून घ्यावा आणि टिम्पॅनोमेट्री, चारही रिफ्लेक्स व मास्किंगसह ऑडिओमेट्री एकाच बैठकीत करून घ्यावी. वेगवेगळ्या आठवड्यांतले तुकडे जोडायला गेलं की मधल्या काळातली एक सर्दीसुद्धा आकडे बदलून टाकते. प्रोब कानात असताना आईंनी पाचेक सेकंद बोलायचं, गिळायचं, हलायचं नाही. आणि कागद हातात पडल्यावर शेरा वाचण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: हाडाच्या खुणा चौकटी आहेत का, आणि ‘आवाज डावीकडे–प्रोब उजवीकडे’ या रकान्यात काय लिहिलंय.